देवघेव

सकाळी आठला शटर ढकलते. अर्ध्यात अडकतं.
मग खांदा लावायचा.
आत रात्रभर कोंडलेला वास: डिंक, डांबरगोळ्या,
आणि एकोणीसच्या पुराचा थोडा गाळ,
जो कितीदा फिनेलनं पुसला तरी
कादंबऱ्यांच्या खालच्या फळीत
अजून सभासद आहे.

भिंतीवर पेंटरनं दोन ओळींत लिहिलं होतं,
वाचाल तर
वाचाल.
पाणी छातीएवढं चढलं
आणि उतरताना खालची ओळ घेऊन गेलं.
आता 'वाचाल तर' एवढंच आहे.
पोरं पेन्सिलीनं पुढचं भरतात.
डोळे जातील. पीएसआय व्हशीला. चहा मिळंल.
मी खोडत नाही.

उगारे मास्तर पहिले. पेपरातलं शब्दकोडं
शाईपेनानं सोडवतात.
"मास्तर, पेन्सिल घ्या की."
"का? मी चुकतोय व्हय?"
चुकतात. रोज.
आणि त्यांच्यानंतर येणारे सगळे
आडव्या सातमध्ये चुकीचं फूल बघतात.

तिवडे उद्यमनगरात साच्यात लोखंड ओततो.
रात्रपाळी संपवून येतो, बाहेरच्या नळावर हात घासतो,
मग पालथे-उलथे करून मला दाखवतो,
शाळेत नखं दाखवावीत तसे.
तरी पान उलटायला काडेपेटीची कड वापरतो.
त्याला फक्त समुद्राची पुस्तकं लागतात.
"बघितलायस का कधी समुद्र?"
"गणपतीपुळ्याला गेलतो एकदा.
लई गर्दी, नीट दिसला न्हाई."

रेहाना अत्तार आत अभ्यासिकेत.
पाण्याची बाटली ठेवून खिडकीची खुर्ची धरते.
"मी आलो, मॅडम." आमच्या पोरी 'आलो'च म्हणतात.
"चौथ्यांदा फॉर्म भरलोय. घरी सांगितलंय,
ह्या खुर्चीवरनं उठलो की बघा काय बघायचं ते स्थळ."
पंखा तिच्या डोक्यावर फिरत नाही.
मी तीन अर्ज केलेत. तोही परीक्षेला बसल्यासारखा
निकालाची वाट बघतोय.

कुसाळे वहिनी भाजीची पिशवी टेबलावर ठेवतात.
"सासूबाईंनी न वाचलेलं काहीतरी द्या."
मी खातं उघडते. त्र्याण्णव वर्षांच्या बाई,
आमच्या तीन कपाटांत काही शिल्लक नाही.
"वाचलेलं दिलंत तरी चालतंय, इसरल्यात.
फक्त शेवट वाईट असलेलं नको.
तेवढा बरोबर ध्यानात ऱ्हातोय त्यांच्या."

दुपारी एक मुलगा. हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात
एक पुस्तक आणि वडिलांचं कार्ड.
निगवेकर, क्रमांक अकराशे सत्तेचाळीस.
मला चेहरा आठवला; आवाज आठवेना.
ते बोलायचेच नाहीत. पुस्तक ठेवायचे, पुस्तक न्यायचे,
मान हलवायचे.

खातं बंद करण्याचा अर्ज.
कारण: बदली, स्थलांतर, इतर.
त्यानं पेन तिन्हींवरनं फिरवलं.
"काय लिहू?"
मी उगीच भिंतीकडं बघितलं.
त्यानं 'स्थलांतर'वर खूण केली.

अनामत दीडशे. उशीर एकसष्ट दिवस.
दंडाच्या रकान्यात मी शून्य घातलं,
ऑडिटला विचारतील तेव्हा बघू.
पैसे न मोजताच खिशात घातले त्यानं.
दारापर्यंत गेला, परत आला.
"हे त्यांचं वाचून झालं होतं का हो?"

"झालं होतं," म्हटलं.
केएमटीचं तिकीट पान दोनशे बारावर होतं,
पुस्तक हातात आलं तेव्हाच मी ते काढून
शिक्क्याखाली सरकवलं होतं.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
दोनशे बारापासून पुढं वाचत बसले.
एकोणतीस पानं.
शेवट तसा काही खास नाही. एक बाई दार लावून घेते,
आणि कुत्रं परत येतं.

सासूबाईंना चालेल.